उघड्या इंजिनावरच्या अक्षता

पाऊस ओसरला की धारहून नालछ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांस फुलतं. कमरेच्या वर उंच गवत, त्यावर पांढरे तुरे. मांडूला निघालेले लोक गाड्या थांबवून त्यात उभे राहतात आणि फोटो काढून घेतात. यंदाही काढत आहेत. ज्यांनी इथल्या काळ्या मातीत नांगर धरला आहे, ते या गवताचा फोटो काढत नाहीत. त्याची मुळं बैलांच्या नांगराच्या फाळाच्या खूप खाली उतरतात. कापलं तर ते जोमानं येतं, जाळलं तर अधिक जोमानं. एकदा शेतात शिरलं की दोन-चार पावसाळ्यांत शेत त्याचं होतं.

या गवतासाठीच माळव्यात साखळीवर चालणारे ट्रॅक्टर आले. स्वातंत्र्यानंतरची गोष्ट. चाकांच्या जागी लोखंडी पट्ट्यांची साखळी, मागे माणसाच्या छातीएवढा नांगर. ती यंत्रं जहाजातून उतरली, रेल्वेनं इथवर आली, कांस मुळासकट उपटून गेली, आणि काम संपल्यावर लिलावात निघाली. त्यांतलं एक विजयाताईंच्या आजोबांनी घेतलं. धार आणि नालछ्याच्या मध्ये त्यांची जमीन आहे, तिथे ते पुष्कळ वर्षं चाललं. गावातले लोक त्याला ‘मराठों का टैंक’ म्हणत. मग एका उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं आणि ट्रॅक्टर पत्र्याच्या छपराखाली उभा राहिला. ज्यांनी तो चालवला होता ते एकेक करून गेले. नाव राहिलं.

विजयाताई माझी मावसबहीण. देवासला राहतात. आयटीआयमध्ये त्यांनी डिझेल मेकॅनिकचा वर्ग शिकवला, निवृत्तीपर्यंत. हातात पाना धरलेली बाई पाहून पहिल्या दिवशी हसलेली मुलं आज माळव्यातल्या निम्म्या गॅरेजांत आहेत आणि त्यांना रस्त्यात पाहून स्कूटर थांबवतात. ट्रॅक्टर मात्र त्यांच्या काकांच्या ताब्यात. काकासाहेब धारला राहतात. घराण्याचा कारभार, म्हणजे आता जो काही उरला आहे तो, त्यांच्याकडे. दारावरची पाटी मोडीच्या वळणाची मराठी, घरातली भांडणं हिंदीत. त्यांचा मुलगा रणजित आरती अडखळत म्हणतो आणि ताईंनी मराठीत लिहिलेली चिठ्ठी आली की ‘ताई, पढ़ के सुना दो ना’ म्हणून फोन करतो.

ज्या हंगामाबद्दल हे लिहितो आहे तो मागच्या वर्षीचा. आश्विन, सोयाबीन निघाल्यानंतरचे दिवस. थ्रेशरची धूळ संध्याकाळपर्यंत हवेत लटकलेली, घशात तिची खरखर. मांडूच्या खुरासानी चिंचा, म्हणजे गोरखचिंचेची फळं, घेऊन बसलेल्या बाया फळांवर ओलं फडकं टाकत. ओढ्याकडच्या खालच्या शेतात पेरणीच झालेली नव्हती. तिथे कांस होतं, बांधापासून बांधापर्यंत.

त्याआधी वैशाखात नालछा रस्त्यावरच्या एका नव्या रिसॉर्टच्या मॅनेजरनं तो ट्रॅक्टर पाहिला होता. हिरवळीवर ठेवायला मागितला. काकासाहेबांनी शब्द दिला. ताईंना कळल्यावर त्या देवासहून पहिल्या बसनं धारला गेल्या. मी बरोबर होतो.

“तो चालू होऊ शकतो,” ताई म्हणाल्या.

“विजू, तो आमच्या लहानपणीच मेला.”

“खालचं शेत साफ करायला भाड्याचा ट्रॅक्टर कितीदा आणलात? कांस गेलं?”

 काकासाहेब म्हणाले, “दिवाळीच्या पाडव्यास चालवून दाखवा. खालच्या शेतात नांगराचं एक तास पडलं तर यंत्र इथेच राहील, शेत तुम्ही करा. न चाललं तर माझा शब्द मला पाळू द्या.”

“चालेल,” ताई म्हणाल्या. दोन्ही अर्थांनी म्हणाल्या असाव्यात.

इंजिन उघडायला त्यांनी हाटपिपल्याचा कैलास बोलावला. त्यांचाच जुना विद्यार्थी, आता स्वतःचं गॅरेज असलेला. त्यानं पहिल्या दिवशी ब्लॉकवर तळहात ठेवला आणि म्हणाला, “जीजी, ये मरा नी है. सो रिया है.” पिस्टन आत गंजून धरले होते. वरून डिझेल ओतून त्यांना भिजत ठेवलं. दर आठवड्याला ताई येत, लाकडी ठोकळ्यावर हातोडी मारत, कान लावून ऐकत. आषाढ संपताना पहिला पिस्टन केसभर हलला. त्या दिवशी कैलासनं गावात पेढे वाटले आणि ताईंनी त्याला रागावून परत कामाला बसवलं.

क्रँकशाफ्ट मात्र गेलेली होती. पिस्टनांची वरखाली ज्या जाड वाकड्या दांड्याला फिरवते तो हा दांडा, इंजिनाचा कणाच. अशी क्रँक आता कुठे मिळत नाही. ताईंनी माळव्यातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना विचारलं. शेवटी सतवासच्या एका भंगारवाल्याकडे त्याच जातीच्या ट्रॅक्टरचा सांगाडा निघाला. त्यातली क्रँक जवळजवळ नवी होती. ताई आणि कैलास ती गोधडीत गुंडाळून जीपमधून घेऊन आले, वाटेत प्रत्येक खड्ड्याला ताईंचा हात तिच्यावर. देवासला तिची मापं घेतली, घासली, तिच्या मापाची बेअरिंगं बनवून घेतली. क्रँकच्या पोटातून तेलाच्या बारीक वाटा गेलेल्या असतात. त्या वाटांतून आलेल्या तेलावर ती तरंगत फिरते, लोखंडाला लोखंड लागत नाही. हे ताईंनी रणजितला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मस्त है ताई. मी रील बनवू का?”

रिसॉर्टचा मॅनेजर मधूनमधून येऊन जाई. पांढरे बूट, धूळ लागू नये म्हणून लांब उभा. “चले ना चले, हमको फर्क नहीं पड़ता. अंदर का हमें क्या करना है? पेंट करा लेंगे.” तो गेल्यावर कैलास म्हणाला, “भिया को ट्रैक्टर थोड़ी चाहिए. गमला चाहिए.” ताई हसल्या. त्या हंगामातलं त्यांचं हसणं मला एवढंच आठवतं. पुढे कुंडीत झाड लावताना कुणी दिसलं की त्या मान वळवत.

नवरात्र आलं. देवासच्या देवीच्या टेकडीकडे निघालेल्या अनवाणी माणसांनी रस्ते भरले. क्रँक ब्लॉकमध्ये ठेवून झाली होती, वरची झाकणं बसायची होती, तेलाच्या वाटांची तोंडं उघडी. हेडचं, वरच्या झाकणाखाली बसणारं, तांब्याचं गॅस्केट कापून आणायला ताई अष्टमीला देवासला गेल्या. जाण्याआधी त्यांनी धुतलेलं जुनं धोतर इंजिनावर दुहेरी अंथरलं आणि सुतळीनं चारी बाजूंनी बांधलं. गर्दीमुळे नवमीची बस त्यांना मिळाली नाही.

नवमीला काय झालं ते नंतर तीन जणांकडून कळलं. तिघांच्या सांगण्यात फरक नाही, म्हणून ते घडलं तसं देतो.

खंडेनवमीला या घराण्यात शस्त्रपूजा होते. दोन तलवारी, एक कट्यार, एक दांडपट्टा घोंगडीवर मांडतात. पूर्वी धारच्या घरी मांडत. त्या वर्षी काकासाहेबांनी ठरवलं, घराण्याचं खरं शस्त्र शेतावर आहे, पूजा तिथेच होईल. विचार चांगला होता. सगळे गाड्या करून शेतावर आले. तलवारी म्यानांतून काढून ट्रॅक्टरच्या पुढे ठेवल्या. काकासाहेबांनी इंजिनाकडे पाहिलं आणि म्हणाले, “ते धोतर काढा.”

कैलास म्हणाला, “काकासाब, जीजी ने बांधा है.”

“म्यानातल्या तलवारीस हळदकुंकू वाहतात काय?”

सुतळी सुटली. हळद, कुंकू, तुळशीच्या पानानं पाणी, झेंडूची फुलं. आणि अक्षता. कुंकवात कालवलेल्या, ओल्या. प्रत्येकानं मूठ मूठ वाहिली. आरती झाली. मग रणजितनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “पप्पा, अंदर भी गया है.”

काकासाहेबांनी पाहिलं. “पुसून घ्या,” म्हणाले. “आणि विजूला सांगू नका. सणाच्या दिवशी उगीच चिडेल.”

कैलासनं वरवर दिसलं ते पुसलं, फुंकलं, दाणे वेचले. धोतर परत बांधलं.

दशमीला ताई आल्या. मीही त्याच बसनं गेलो होतो. सुतळीची गाठ त्यांची नव्हती, हे त्यांनी लांबूनच ओळखलं.

“हे कुणी सोडलं?”

“हवा से खुल गया था, जीजी,” कैलास म्हणाला.

“आत काही पडलं का?”

कैलासनं काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेब आपट्याची पानं मोजत होते. मी हे पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावणं हे तेव्हा माझं काम नव्हतं आणि सणाच्या गर्दीत कुणाचंच नसतं.

“नी, जीजी.”

रणजितनं पुढे होऊन त्यांना सोनं दिलं, पायाला हात लावला. ताईंनी धोतर झटकलं, वरून पाहिलं, आणि काम पुढे सुरू केलं.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण त्या हंगामानंतर तिचा विपर्यास बराच झाला. नातेवाइकांत बातमी फिरली ती अशी, की विजयाताई नास्तिक आहेत आणि पूजेवरून भांडल्या. विजयाताई दर शुक्रवारी टेकडीवर जातात. पाना नवा घेतला तर पहिल्यांदा देवापुढे ठेवतात. पूजेचं काही नव्हतं. तांदूळ पडला, हा अपघातही समजता येतो. या घराण्यात सणाला वाईट बातमी सांगत नाहीत, वडीलधाऱ्यांची चूक त्यांच्या देखत उच्चारत नाहीत. दरबार होता तेव्हा ही अदब होती. दरबार गेला, संस्थान गेलं, मराठी वाचणं गेलं, पण सत्य दाबून ठेवण्याची ही रीत कुणी विसरलं नाही. तिला अजूनही संस्कार म्हणतात. मी आयुष्यभर बातम्यांचं काम केलं. बातमी दाबणारा माणूस नेहमी हेच सांगतो, की कुणाला त्रास नको म्हणून. त्रास नेमका कुणाला होतो ते तो सांगत नाही.

पाडव्याला शेतावर गाव जमलं. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरू, गायींच्या अंगावर गेरूचे पंजे. सकाळचा गारवा अजून टिकून. पांढऱ्या बुटांचा मॅनेजरही आला होता. या जातीच्या ट्रॅक्टरला आधी एक छोटं पेट्रोलचं इंजिन दोरीनं ओढून चालू करावं लागतं आणि त्याच्या जोरावर मोठं. कैलासनं दोरी ओढली. छोटं इंजिन चिडक्या कुत्र्यासारखं भुंकलं. ताईंनी दांडा ओढला, आणि ज्या आवाजाची फारशी कुणाला आठवण उरली नव्हती तो आवाज आला. जड, संथ, जमिनीतून तळपायात चढणारा. काळा धूर, मग राखाडी, मग काहीच नाही, चिमणीच्या तोंडावर नुसती थरथरणारी हवा. बैल बुजले. एक म्हातारा फेटा काढून उभा राहिला.

ताई स्वतः सीटवर बसल्या. साखळ्या फिरल्या, यंत्र ओढ्याकडे उतरलं, नांगर टेकला आणि कांस उपटलं जाऊ लागलं. मुळं वर आली. पांढरी, बोटाएवढी जाड, दोरखंडासारखी लांब, काळ्या मातीतून ओढून काढलेली. ओल्या मातीचा आणि तुटलेल्या मुळांचा वास एकत्र आला. एक अख्खं तास पडलं, बांधापासून बांधापर्यंत सरळ. काकासाहेबांचे डोळे भरून आले होते. ते अश्रू खोटे नव्हते. म्हणूनच त्यांच्यावर रागावणं सोपं नाही आणि म्हणूनच ते करायला हवं.

दुसऱ्या तासाच्या मध्यावर ताईंनी मान तिरकी केली. तेलाच्या दाबाचा काटा खाली येत होता. आतून ठोका ऐकू आला, मग दुसरा, मग कुणीतरी बंद दारावर हातोडी मारत असल्यासारखे सलग. त्यांनी इंजिन बंद केलं. अख्खं शेत एकदम गप्प झालं.

काकासाहेब पुढे आले. “दृष्ट लागली हो. नारळ उतरवा.”

ताईंनी नारळ उतरवू दिला नाही. तिथेच, त्या तासात, त्या आणि कैलास यंत्राखाली शिरले. कैलास पाने देत होता. खालचं तेलाचं चेंबर निघालं, बेअरिंगचं झाकण निघालं. बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलं होतं, क्रँकवर बोट बसेल असा चर पडला होता. ताईंनी तेलाच्या वाटेत तार घातली. तारेबरोबर एक गोळी बाहेर आली. त्यांनी ती तळहातावर चुरली. तांदूळ. फुगलेले, काळे पडलेले, आणि आतून अजून लाल.

“हे काय आहे?”

 कैलास म्हणाला, अगदी हळू, “काकासाब ने मना कर्यो थो, जीजी. हूँ कई करतो?”

“ताई, जानबूझ के थोड़ी ना किया किसीने,” रणजित म्हणाला. “आता सोडा ना.”

ताई उठल्या. पदराला काळं तेल लागलं होतं. त्यांचा आवाज चढला नाही. वर्गात चढत नसे तसाच. “मी विचारलं होतं. आत काही पडलं का, असं विचारलं होतं. हो म्हणाला असतात तर मी क्रँक काढली असती, डिझेलनं धुतली असती आणि परत बसवली असती. एका सकाळचं काम. तुमची पूजा राहिली असती आणि माझं यंत्रही.”

“सणाच्या दिवशी कटकट नको, एवढाच हेतू होता, विजू.”

“काकासाहेब, तेलाला तुमचा हेतू कळत नाही.”

मॅनेजर तेवढ्यात रणजितला विचारत होता, उचलायला क्रेन कधी आणू.

शब्द शब्द होता. तासाची अट पूर्ण झाली होती, असं मी काकासाहेबांना म्हटलं. एक तास पडलं होतं. ते म्हणाले, “चाललं आणि मोडलं. मोडलेलं यंत्र शेतात ठेवून काय करायचं?” ताईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, की क्रेन येण्याआधी त्यांना आत काम आहे. कैलास मदतीचं विचारायला आला तेव्हा त्याला परत पाठवलं. काही महिने त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. दुसऱ्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी पिस्टन, लायनर, पंप, सगळं काढलं, ग्रीस लावून देवासला नेलं. मॅनेजरनं हरकत घेतली नाही. अंदर का त्याला काही करायचं नव्हतं, हे तो पहिल्यापासून सांगत होता.

मागचं वर्ष असं गेलं. उन्हाळ्यात कैलास देवासला येऊन ताईंच्या अंगणात बसला. चहा झाला. तो उठेना, तेव्हा ताईंनी त्याच्यासमोर पंप ठेवला आणि म्हणाल्या, “खोल. आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांग.” तो दर रविवारी येतो.

आता परत आश्विन आहे. खालच्या शेतातल्या त्या दीड तासाची खूण राहिलेली नाही. कांसानं ती भरून काढली. यंदाची खंडेनवमी काकासाहेबांनी रिसॉर्टच्या हिरवळीवर ठरवली, कारण घराण्याचं शस्त्र तिथे आहे. मॅनेजरला आनंद झाला; पाहुण्यांसाठी कार्यक्रम. ताईंना निरोप आला. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आल्या.

ट्रॅक्टर पिवळाधमक रंगवला आहे. साखळ्या काळ्या, चकचकीत. आणि सभोवार, वर्तुळात, पाणी घालून वाढवलेलं, दिव्यांची माळ गुंडाळलेलं कांस. मुद्दाम लावलेलं. मॅनेजर म्हणाला, लोकांना त्याबरोबर फोटो फार आवडतो.

ताई त्या गवताकडे बराच वेळ पाहत होत्या. त्या कधीही शिवी देत नाहीत. त्या दिवशीही दिली नाही, आणि ती न दिलेली शिवी मला अजून ऐकू येते.

तलवारी म्यानांबाहेर मांडल्या. रणजितनं मोबाइल धरला. काकासाहेबांनी हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, आणि अक्षतांची मूठ भरून थांबले.  ते वळले. सबंध वर्षात पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

“विजू, वाहू का?”

ते क्षमा मागणं असेल. त्यांच्या घराण्यात ती याहून मोठ्या आवाजात मागत नाहीत. ताईंनी त्या क्षमेला हात लावला नाही.

“वाहा, काकासाहेब. आत काही नाही.”

काकासाहेब तसेच उभे राहिले. “पप्पा, डालो ना,” रणजित म्हणाला, “रिकॉर्डिंग चालू है.” त्यांनी मूठ उघडली. नव्या रंगावर दाणे टिकले नाहीत. घरंगळून खाली कांसात गेले.

प्रसादाला ताई थांबल्या नाहीत. फाटकाशी त्यांचा फोन वाजला. सतवासचा भंगारवाला होता. त्याच जातीचा आणखी एक सांगाडा त्याच्याकडे आला होता, क्रँक आहे की नाही ते त्याला सांगता येत नव्हतं. इंजिन उघडंच पडलं आहे, म्हणाला.

“मी उद्या येते,” ताई म्हणाल्या. “तोपर्यंत झाकून ठेव. आणि आत काही पडलं असेल तर आत्ताच सांग.”